पिशवी काढल्यानंतर सात वर्षांनी: रक्त जातंय कुठून?

५३ वर्षांच्या बाई. गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं सात वर्षांपूर्वीच काढलेली. तक्रार एवढीच, की जिना चढला की धाप लागते. हिमोग्लोबिन ८.४, एमसीव्ही (तांबड्या पेशींचं आकारमान) ६८, फेरिटिन (साठलेल्या लोहाचं माप) ६. म्हणजे शरीरातला लोहाचा साठा रिकामा. पाळी सुरू असलेल्या बाईत असा अहवाल आला तर अंगावरून जास्त जातंय का, हे आधी विचारतात. इथे पाळीच नाही आणि पिशवीही नाही. मग रक्त जातंय कुठून, हा प्रश्न त्याच दिवशी पडायला हवा होता. तो चार महिने उशिरा पडला.

या बाई म्हणजे कुणी एक विशिष्ट रुग्ण नव्हेत. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर बरा झालेल्या बायकांमध्ये दुसरा कॅन्सर जसा येतो आणि जिथे जिथे निसटतो, त्या नेहमीच्या जागा एका प्रकरणात गुंफल्या आहेत. वैद्यकीय आकडे मात्र प्रसिद्ध अभ्यासांतले आहेत.

पहिलं ऑपरेशन

४६व्या वर्षी दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव सुरू झाला. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं, बायोप्सीत एंडोमेट्रिऑइड कॅन्सर निघाला. गर्भाशय, दोन्ही नळ्या आणि अंडाशयं काढली. अहवाल असा: ग्रेड २, स्नायूच्या निम्म्याहून जास्त जाडीत शिरकाव, लिम्फ ग्रंथी स्वच्छ, स्टेज वन बी. त्यानंतर योनीच्या वरच्या टोकाला आतून किरणोपचार दिले, ७ ग्रेच्या ३ बैठका. उपचारात नाव ठेवायला जागा नव्हती.

अहवालाच्या तिसऱ्या पानावर मात्र तीन गोष्टी होत्या आणि त्या कुणी एकत्र वाचल्या नाहीत. गाठ गर्भाशयाच्या खालच्या भागात, मुखाच्या जरा वर होती. गाठीत लिम्फोसाइट पेशींची दाटी होती. आणि बाईंचा बीएमआय २३ होता. या कॅन्सरची नेहमीची वाट लठ्ठपणा, मधुमेह आणि जास्तीच्या इस्ट्रोजेनमधून जाते. सडसडीत बाईला पन्नाशीच्या आत आणि खालच्या भागात गाठ झाली, तर आनुवंशिक कारणाची शंका घ्यायलाच हवी.

चौथी गोष्ट केसपेपरवर होती, पण चुकीची लिहिलेली: ‘कुटुंबात कॅन्सर: नाही’. हा प्रश्न नवरा आणि मोठे दीर शेजारी बसलेले असताना विचारला गेला होता. बाईंनी सासरचं उत्तर दिलं आणि लिहिणाऱ्यानेही तेच धरलं. आनुवंशिकतेचा प्रश्न माहेरचा असतो, आणि माहेर म्हणजे नुसती आई नव्हे, वडिलांचीही बाजू. शिवाय ‘कॅन्सर’ या शब्दाने विचारलं की आपल्याकडे बहुतेक वेळा ‘नाही’च येतं. ‘पन्नाशीच्या आधी कोण गेलं, आणि कशाने?’ असं विचारलं की उत्तरं यायला लागतात. सात वर्षांनी विचारलं तेव्हा आली. वडील ४८व्या वर्षी ‘पोटात गाठ होऊन’ गेले. आत्याची पिशवी ४४व्या वर्षी काढली होती, ‘आत काहीतरी वाईट होतं म्हणून’. साठीत तिला लघवीतून रक्त जायला लागलं आणि ती त्यातच गेली.

तीन नातलग, दोन पिढ्या, एकाचं तरी निदान पन्नाशीच्या आत, आणि तिघांपैकी एक बाकी दोघांच्या अगदी जवळच्या रक्ताचा. आनुवंशिक कॅन्सरचं घराणं ओळखण्याचे १९९९ चे ॲमस्टरडॅम निकष हेच आहेत. इथे ते पहिल्या दिवशीच पूर्ण होत होते.

चार महिने लोहाच्या गोळ्या

गोळ्यांनी हिमोग्लोबिन ९.६ झालं. ‘सुधारणा आहे, चालू ठेवा.’ चूक नेमकी इथे होते. आतून थोडं थोडं रक्त झिरपत असलं तरी गोळ्यांनी आकडा वर येतोच, त्यामुळे तो वर आला याचा अर्थ झिरपणं थांबलं असा होत नाही. शौचातल्या लपलेल्या रक्ताची एक तपासणी केली, ती निगेटिव्ह आली, आणि सगळे निश्चिंत झाले. एका निगेटिव्ह नमुन्याला तेवढं वजन देता येत नाही. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ रोज सारखी गळत नसते. पाळी थांबलेल्या किंवा पिशवी काढलेल्या बाईला लोहाची कमतरता असेल, तर वरून एंडोस्कोपी आणि खालून कोलोनोस्कोपी, दोन्ही करायच्या. गोळ्या सोबत चालू राहू द्याव्यात, पण तपास त्यांच्यावर अडवून ठेवू नये.

पाठपुरावा का चुकला, तेही समजण्यासारखं आहे. पाच वर्षं बाई नेमाने येत होत्या. आधी दर तीन-चार महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. प्रत्येक भेटीत योनीचं टोक तपासलं, पोट चाचपलं, ‘छान आहे’ म्हटलं. जुना कॅन्सर परततोय का यासाठी हे वेळापत्रक योग्यच आहे, कारण परतणारे बहुतेक कॅन्सर पहिल्या तीन वर्षांत परततात. नव्या कॅन्सरचं वेळापत्रक वेगळं असतं. तो पाच, दहा, पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच अवयवात येतो. नेमकं तेव्हा फाइल बंद झालेली असते.

फसलेली पहिली कोलोनोस्कोपी

अखेर दुर्बीण घातली. अहवालात आलं: ‘ट्रान्सव्हर्स कोलनपर्यंत सामान्य. पुढे मळ असल्याने नीट दिसले नाही.’ घरच्यांनी त्यातला एकच शब्द उचलला, सामान्य. ट्रान्सव्हर्स कोलन म्हणजे मोठ्या आतड्याचा आडवा भाग. वास्तविक गाठ त्याच्या पुढेच होती.

आतडं साफ का झालं नाही? लोहाच्या गोळ्या आदल्या दिवसापर्यंत चालू होत्या. लोहाने मळ काळा आणि चिकट होतो, आतड्याच्या भिंतीला डांबरासारखा चिकटतो. गोळ्या निदान ७ दिवस आधी बंद करायच्या असतात. दुसरं म्हणजे बाईंनी आतडं साफ करणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं २ लिटर द्रावण आदल्या संध्याकाळीच संपवून टाकलं. अर्धं संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी, साधारण चार ते सहा तास आधी सुरू करून, असं घेतलं की उजवी बाजू स्वच्छ राहते. सगळं आदल्या दिवशी घेतलं तर रात्रभर लहान आतड्यातून पाझरणारा पिवळा रस पुन्हा त्याच भागात साचतो. आणि आधीचे दोन दिवस भाकरी, मेथी आणि पेरू चालूच होते.

दुसऱ्या वेळेला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: तीन दिवस भाकरी, पालेभाज्या, बियांची फळं, तीळ बंद. मऊ भात, गाळलेलं वरण आणि ताक चालेल. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ. कोकम सरबत आणि बीट नाही, कारण आत लाल रंग दिसला की तो रक्तच वाटतो. शेवटचा घोट तपासणीच्या निदान दोन तास आधी. या वेळी आतड्याची स्वच्छता मोजणाऱ्या बोस्टन मोजपट्टीवर तिन्ही भागांना ३ पैकी २ किंवा जास्त गुण मिळाले. सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या उजवीकडच्या सुरुवातीच्या भागात, ४ सेंटिमीटरची, सहज रक्त येणारी गाठ दिसली.

अहवाल हातात आला की घरच्यांनी पाहावी अशी गोष्ट म्हणजे फोटो. अपेंडिक्सचं तोंड आणि लहान आतड्याची झडप, या दोन्हींचे फोटो असले तर दुर्बीण शेवटपर्यंत पोचली. नसले तर विचारावं.

जुना परतला की नवा आला?

घरी सगळ्यांना वाटलं, ‘पहिलाच आतड्यात पसरला.’ डॉक्टरांनाही हे आधी ठरवावंच लागतं, कारण दोन्हींचे उपचार आणि आयुष्याचे अंदाज अगदी वेगळे. बायोप्सीवर रंगचाचण्या केल्या. आतड्याच्या पेशींची खूण असलेलं सीडीएक्स२ पॉझिटिव्ह आलं. गर्भाशयाकडे बोट दाखवणारी पॅक्स८ आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर ही दोन्ही निगेटिव्ह. एकट्या सीडीएक्स२ वर विसंबून चालत नाही. अस्तराच्या कॅन्सरमधेही ते कधीकधी उमटतं, आणि डीएनए-दुरुस्ती बिघडलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते फिकट होऊ शकतं. म्हणून दोन्ही बाजूंच्या खुणा एकत्र वाचायच्या. निष्कर्ष: आतड्यातच उगवलेला, नवा, दुसरा कॅन्सर.

मग डीएनए-दुरुस्तीच्या चार प्रथिनांची चाचणी: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. ही प्रथिनं जोडीने राहतात. एमएसएच२ गेलं की एमएसएच६ सुद्धा जातं. काचपट्टीवर दिसलं ते असं: आजूबाजूच्या लिम्फोसाइट आणि आधारपेशींची केंद्रकं खणखणीत तपकिरी, आणि मधोमध गाठीच्या ग्रंथींची केंद्रकं नुसती निळी. शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी आहेत म्हणजे रंग नीट चढला आहे, गाठीतलं प्रथिन खरोखरच गेलं आहे. एमएसएच२ आणि एमएसएच६, दोन्ही गेलेली.

आता जुना ब्लॉक, म्हणजे पहिल्या गाठीचा मेणात जतन केलेला तुकडा, हवा होता. तो दवाखान्यात नव्हता. सात वर्षांपूर्वी दुसरं मत घेण्यासाठी नेलेला, नंतर घरीच राहिलेला. साड्यांच्या कपाटात, एक्स-रेच्या पिशवीत सापडला. नशीब, की माळ्यावर पत्र्याखाली नव्हता. मेण उन्हाळ्यात मऊ होतं. ब्लॉक चांगला निघण्याचं दुसरं कारण म्हणजे ऑपरेशननंतर गर्भाशय लगेच उघडून १० टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवलं होतं. फॉर्मालिन तासाला जेमतेम १ मिलिमीटर आत शिरतं. पिशवी न उघडता तशीच बरणीत टाकली तर आतलं अस्तर फॉर्मालिन पोचेपर्यंत सडतं, मग शेजारच्या निरोगी पेशीही रंग घेत नाहीत, आणि चाचणीच वाया जाते. ही चूक लहान शस्त्रक्रियागृहांत अजून होते.

जुन्या गाठीतही तेच: एमएसएच२ आणि एमएसएच६ गेलेली. म्हणजे सात वर्षं कपाटात पडलेल्या त्या ब्लॉकमध्ये उत्तर होतं. या दोन्ही कॅन्सरच्या प्रत्येक गाठीवर ही चाचणी व्हावी, असं आता प्रमुख मार्गदर्शक सूचना सांगतात. वय पाहून किंवा कुटुंबाचा इतिहास विचारून निवड करायला गेलं की असेच रुग्ण सुटतात.

जोडी एमएलएच१ आणि पीएमएस२ ची गेली असती, तर घाई करायची नव्हती. अस्तराच्या कॅन्सरमध्ये ती बहुतेकदा जनुकाच्या चालूबंद होण्याच्या जागेवर मिथाइल चढल्याने जाते, आणि ते आनुवंशिक नसतं. त्यासाठी आधी मिथिलेशनची चाचणी करायची. अस्तराच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथा हिस्सा दुरुस्ती बिघडलेला निघतो, पण लिंच सिंड्रोम, म्हणजे दुरुस्तीच्या जनुकातला घराण्यातून चालत येणारा जन्मजात दोष, सगळ्यांत मिळून ३ टक्क्यांच्या आसपास. एमएसएच२ गेलं असेल तर मात्र थेट रक्ताची जनुक-चाचणी.

तीही पहिल्या फेरीत निगेटिव्ह आली. अक्षरं वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगला जनुकाचा एक अख्खा तुकडा गळालेला असेल तर तो कधी कधी दिसत नाही. असे गळालेले तुकडे शोधणारी एमएलपीए चाचणी केल्यावर एमएसएच२ मधला गळालेला तुकडा सापडला. गाठ आणि रक्ताचा अहवाल जुळत नसेल, तर ‘एमएलपीए झालं का? एपकॅमचं, म्हणजे एमएसएच२ शेजारच्या जनुकाचं, टोक पाहिलं का?’ एवढं विचारायचंच.

जाता जाता: अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये १८९५ साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईने पॅथॉलॉजिस्ट ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं होतं, की घराण्यातले लोक आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, तशीच मीही जाणार. ती गर्भाशयाच्याच कॅन्सरने गेली. वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये त्या कुटुंबाची वंशावळ छापली. त्या घराण्यातला दोष २००० साली सापडला, तो याच एमएसएच२ मध्ये.

‘शेक दिल्यामुळे झालं का?’

मुलाचा हा पहिला प्रश्न होता आणि तो रास्त आहे. इथे उत्तर नाही असं आहे. आतून दिलेल्या किरणांचा डोस योनीच्या टोकापासून ५ मिलिमीटरवर मोजतात आणि तिथून तो झपाट्याने उतरतो. सीकमपर्यंत पोचतो तो नगण्य. आणि गाठीतला दोष जन्मजात निघाला.

बाहेरून संपूर्ण ओटीपोटाला दिलेल्या किरणांची गोष्ट इतकी सोपी नाही. अस्तराच्या कॅन्सरवरच्या नेदरलँड्समधल्या पोर्टेक-१ चाचणीत १५ वर्षांत दुसरा कॅन्सर झाला तो किरण घेतलेल्यांत २२ टक्क्यांना आणि न घेतलेल्यांत १६ टक्क्यांना. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पुढे पोर्टेकच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या चाचण्या २०१५ मध्ये एकत्र पाहिल्या, तेव्हा वाढ दिसली नाही. ऑस्लोच्या १९६८ ते १९७४ च्या चाचणीत मात्र साठीच्या आतल्या बायकांना बाहेरून किरण दिल्यावर दुसऱ्या कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट निघाला. तेव्हाची यंत्रं आणि तंत्र आजच्यापेक्षा वेगळं होतं, हे खरं. तरीही तरुण बाईला आतून दिलेले किरण पुरत असतील तर बाहेरून देऊ नयेत, हा धडा टिकून आहे.

किती आतडं काढायचं

लिंच सिंड्रोममध्ये नुसता गाठीचा भाग काढला तर उरलेल्या आतड्यात पुन्हा कॅन्सर होण्याचा धोका एका मोठ्या अभ्यासात १० वर्षांत १६, २० वर्षांत ४१ टक्के निघाला. म्हणून साठीच्या आतल्या रुग्णाशी जवळजवळ सगळं मोठं आतडं काढण्याबद्दल बोलणं भाग असतं. त्याची किंमत म्हणजे दिवसातून तीन-चार, कधी जास्त वेळा शौच. बाई रोज एसटीने तास-दीड तास प्रवास करून कामाला जातात. त्यांनी विचारून, समजून, उजवी बाजूच काढायची निवड केली. दर वर्षी कोलोनोस्कोपी होणार असेल तर हा निर्णय बरोबर आहे. नाही झाली, तर तो चुकीचा ठरेल.

२१ लिम्फ ग्रंथी तपासल्या, सगळ्या स्वच्छ. किमान १२ हव्यात. स्टेज दोन. दुरुस्ती बिघडलेल्या स्टेज दोनला फ्लोरोयुरॅसिल या एकट्या केमो औषधाचा फायदा होत नाही, म्हणून केमो दिली नाही.

पहिल्याच ऑपरेशनमध्ये अंडाशयं गेली होती, त्यामुळे तिकडची काळजी संपली होती. पुढच्या योजनेत दर वर्षी कोलोनोस्कोपी, स्तनांची मॅमोग्राफी, आणि लघवीतल्या रक्ताकडे लक्ष हे आलं. शेवटचं कळीचं आहे. एमएसएच२ मध्ये मूत्रनळीचा आणि मूत्राशयाचा धोका जास्त. अशा बाईच्या लघवीत रक्तपेशी दिसल्या की ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून अँटिबायोटिक देऊन विषय मिटवू नये. आत्याचं काय झालं ते आठवावं. लिंच सिंड्रोम असलेल्या, अस्तराचा कॅन्सर होऊन गेलेल्या १२७ बायकांच्या अभ्यासात आतड्याच्या कॅन्सरचा धोका १० वर्षांत २० आणि २० वर्षांत ४८ टक्के निघाला. मूत्रपिंड-मूत्रनळीचा २० वर्षांत ११, मूत्राशयाचा ९, स्तनाचा ११.

ॲस्पिरिनही सुरू केलं. कॅप-२ चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्या लिंच रुग्णांत १० वर्षांच्या पाठपुराव्यात आतड्याचा कॅन्सर ९ टक्के, डमी गोळी घेणाऱ्यांत १३ टक्के. डोस डॉक्टरांनीच ठरवावा. आधी रक्तदाब आणि मूत्रपिंड तपासावं, अल्सरचा इतिहास विचारावा.

लिंच नसलेल्या बाकी सगळ्या

अस्तराचा कॅन्सर झालेल्या बहुसंख्य बायकांत लिंच नसतं. त्यांचा दुसरा कॅन्सर बहुधा स्तनाचा किंवा आतड्याचा, आणि मूळ तेच जुनं: वाढलेलं वजन, मधुमेह, चरबीतून बनणारं इस्ट्रोजेन. पिशवी काढल्याने ती माती बदलत नाही. मॅमोग्राम जमत नसेल तिथे प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणीही उपयोगी पडते. टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायकांवर केलेल्या चाचणीत दर दोन वर्षांच्या अशा तपासणीने पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. आणखी एक क्वचित दिसणारं कोडं: अस्तराच्या कॅन्सरसोबत थायरॉइडच्या गाठी, स्तनाचा आजार आणि मोठं डोकं. टेप लावून घेर ५८ सेंटिमीटरच्या वर भरला तर पीटेन या जनुकातल्या आनुवंशिक दोषाचा विचार करावा.

घरचे

दोष सापडला की नातलगांची चाचणी सोपी होते, कारण शोधायचा असतो तो एकच ठरलेला तुकडा. ३ ते ५ मिलिलिटर रक्त, ईडीटीएची नळी. पण मूळ अहवालाची प्रत सोबत हवी, नाहीतर प्रयोगशाळा नेहमीचं सिक्वेन्सिंग करते आणि पुन्हा खोटं निगेटिव्ह हातात पडतं. समुपदेशनासाठी खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रात कॅन्सर जनुक क्लिनिक आहे.

मुलीत (२७) दोष निघाला. तिची कोलोनोस्कोपी लगेच ठरली. एमएसएच२ मध्ये ती २५ व्या वर्षापासून, दर एक-दोन वर्षांनी करतात. मुलं झाल्यावर, चाळिशीच्या सुमारास गर्भाशय आणि अंडाशयं काढण्याबद्दलही तिच्याशी बोलणं झालं आहे.

मुलाचं (२४) लग्न मामाच्या मुलीशी ठरत होतं. आपल्याकडे हे नातं पुष्कळ ठिकाणी चालतं, पण या घरात आधी हिशेब करायला हवा होता. नवरा-बायको दोघांतही हाच दोष असेल तर प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून तो मिळण्याची शक्यता चारात एक, आणि अशा मुलाला लहानपणीच मेंदूचा, रक्ताचा किंवा आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग ही त्याची एक खूण. म्हणून आधी मुलाची चाचणी केली. तो मोकळा निघाला. त्यामुळे मामाच्या मुलीत दोष असो वा नसो, लग्नाच्या बाजूने ही भीती गेली.

मामाने, म्हणजे बाईंच्या भावाने, अजून रक्त दिलेलं नाही. ‘लग्न होऊन जाऊ दे, मग बघू.’ तो ५० वर्षांचा आहे. कोलोनोस्कोपीसाठी जनुक-अहवालाची वाट पाहायची गरज नाही, हे त्याला दोनदा सांगून झालंय, आणि तारीख घ्यायचा कागद मुलीने त्याच्या घरी नेऊन दिलाय.